ओझे ओढणाऱ्या गाडीला टायर कोणते घालावेत?



आपला बुऱ्हाणपूर जिल्हा केळीचा. घड कापला की तो वेळेवर बाजारात पोहोचलाच पाहिजे. म्हणून पुष्कळ घरी पिकअप गाडी आली आहे आणि कोणी कोणी तिला मागे हूक लावून लहान ट्रॉलीही जोडतात. मग गाडी काळ्या मातीत रुतली किंवा चढावर अडखळली, की एक सल्ला हमखास मिळतो : "टायर मोठे टाका." हा सल्ला खर्चाचा तर आहेच, पण प्रसंगी जिवावर बेतणाराही आहे. म्हणून या वेळी आपण त्याचा नीट विचार करू.

बैलगाडीचे चाक आणि पिकअपचे चाक

बैलगाडीचे चाक मोठे असते म्हणून ती हलकी चालते, असे आपण म्हणतो. ते खरेच आहे. मोठे चाक खड्ड्यात व चाकोरीत कमी अडकते. परंतु बैलगाडीचे चाक स्वतः काही ओढत नाही. ओढतात ते बैल. पिकअपच्या मागच्या चाकाला मात्र इंजिन फिरवते, आणि तेच चाक जमिनीला रेटा देऊन सगळे ओझे पुढे नेते.

विहिरीवरचा रहाट आठवा. त्याचा रूळ जाड केला तर एका फेरीत दोर जास्त गुंडाळला जातो, पण हाताला जोरही जास्त लागतो. टायरचे असेच आहे. टायर मोठा केला की एका फेरीत गाडी जास्त अंतर जाते, पण तिची ओढ कमी होते. ट्रॅक्टरचे मागचे चाक मोठे असते, कारण त्याचे गिअर मुळातच संथ आणि जोरकस बनवलेले असतात. पिकअपचे गिअर तिच्या मूळ टायरच्या मापाने ठरवलेले असतात.

टायरवरचे आकडे

समजा, टायरवर 215/75 आर 15 असे लिहिले आहे. 215 म्हणजे टायरची रुंदी, मिलिमीटरमध्ये. 75 म्हणजे बाजूच्या भिंतीची उंची त्या रुंदीच्या 75 टक्के. 15 म्हणजे रिमचा व्यास, इंचांत. हिशोब केला तर टायरचा पूर्ण व्यास सुमारे 704 मिमी येतो. त्याऐवजी 235/75 आर 15 घातला तर तो सुमारे 734 मिमी होईल.

म्हणजे व्यास 30 मिमी वाढला. पण गाडी किती उंच झाली? त्याच्या निम्मी, केवळ 15 मिमी. बोटभरच म्हणा ना. या बोटभर उंचीसाठी ओढ सुमारे 4 टक्क्यांनी घटली. मीटरवर 60 दिसतील तेव्हा गाडी 62च्याही पुढे धावत असेल. क्लचवर ताण वाढेल. आणि सिंधीपुऱ्यासारख्या जुन्या वस्तीत पूर्ण वळण घेताना टायर मडगार्डला घासला, तर तो कडेने कापला जाईल.

उताराचा धोका

चढावर गाडी थांबली तर फार तर वेळ जातो. खरा धोका उतारावर असतो. ब्रेक आतल्या डिस्कला किंवा ड्रमला धरतो. टायर जितका मोठा, तितकी त्या पकडीची ताकद रस्त्यापर्यंत कमी पोहोचते. इंजिनाने मिळणारी रोखही कमी होते. मागच्या ट्रॉलीला स्वतःचा ब्रेक नसेल तर ती गाडीला पुढे ढकलते. असीरगडाजवळचा सातपुड्याचा घाट भरल्या गाडीने उतरताना हे सगळे एकाच वेळी घडते. अशा गाडीत घडांवर किंवा ट्रॉलीत मजूर बसलेले असले तर काय होईल, ते सांगायला नको. माणसे मालावर कधीही बसवू नयेत.

मग काय पाहावे?

1. माप गाडीच्या पुस्तकात दिलेलेच घ्यावे. मोटार वाहन कायदा 1988, कलम 52 हे गाडीत मनमानी बदल करण्यास मनाई करते. ट्रॉलीची नोंदणीही वेगळी लागते, आणि आपल्या गाडीला ट्रॉली ओढण्याची मुभा आहे की नाही, हे आधी पाहावे.

2. मापाच्या पुढे भाराचा आकडा असतो, तो वाचावा. 104 म्हणजे एका टायरवर 900 किलो, 108 म्हणजे 1000 किलो. मूळ टायरपेक्षा हा आकडा कमी असता कामा नये. मोठा दिसणारा टायर जास्त भार पेलतोच असे नाही. कार-जीपसाठी बनवलेला रुंद टायर मालाखाली कमजोर ठरू शकतो.

3. ट्रॉलीचे काही वजन हुकावरही येते. हूक मागच्या ॲक्सलच्याही मागे असल्याने मागचे टायर जास्त दबतात आणि पुढची चाके हलकी होऊन स्टिअरिंग सैल वाटते. म्हणून ट्रॉली जोडली की गाडीतला माल तेवढा कमी भरावा. वजनकाट्यावर एकदा मागच्या ॲक्सलचे वजन करून घ्यावे.

4. हवा सकाळी, टायर थंड असताना तपासावी. आपल्याकडे उन्हाळ्यात पारा 40च्या वर जातो. कमी हवेचा टायर ओझ्याखाली वाकून वाकून तापतो आणि फुटतो. चिखलातून निघण्यासाठी रिकाम्या गाडीची हवा थोडी कमी केली असेल, तर रस्त्याला लागण्यापूर्वी ती पुन्हा भरावी.

5. ओल्या काळ्या मातीसाठी रुंदीपेक्षा नक्षी पाहावी. खोल आणि मोकळ्या नक्षीतून चिखल बाहेर पडतो. बारीक नक्षी भरून जाते व टायर गुळगुळीत होतो. नक्षी 1.6 मिमीपर्यंत झिजली तर टायर कायद्यानेही बाद होतो. पावसाळ्यात तोवर थांबू नये.

6. चारही टायर एकाच मापाचे असावेत, आणि स्टेपनीही त्याच मापाची.

शेवटी एक साधा उपाय सुचवतो. पावसाळ्यात घड शेतातून डांबरी रस्त्यापर्यंत ट्रॅक्टरने आणावेत आणि तेथून पुढे पिकअपने न्यावेत. शेजाऱ्याचा ट्रॅक्टर भाड्याने घ्यावा लागला, तरी ज्याचे काम त्याने केलेले बरे. टायर बदलायला दुकानात जाताना जुन्या टायरवरचे सगळे आकडे कागदावर लिहून न्यावेत, म्हणजे दुकानदार पुढे करील तोच टायर घ्यावा लागणार नाही. घाट उतरताना सुरुवातीपासूनच खालचा गिअर टाकावा. माल थोडा उशिरा पोहोचला तरी चालेल, घरची माणसे सुखरूप परतली पाहिजेत.