पेढ्यांआधी कागद

जुळे सोलापुरातल्या एका घरी महिन्या-दोन महिन्यांनी कुणीतरी पेढ्यांचा पुडा घेऊन येतं. "मॅडम, दुबईचं काम झालं." "मॅडम, मस्कतला सिलेक्शन झालं." मॅडम पुडा हातात घेतात, तोंडभरून कौतुक करतात आणि लगेच विचारतात, "डिग्रीवर नाव कुठलं आहे गं, माहेरचं की सासरचं?"

हा प्रश्न त्यांना स्वतःला सात आठवडे महाग पडला होता.

मॅडम गणिताच्या. सोलापुरात पंधरा वर्षं शिकवून त्या शारजातल्या एका शाळेत रुजू व्हायला निघाल्या. बी.एस्सी. आणि बी.एड.ची प्रमाणपत्रं माहेरच्या नावाची, पासपोर्ट आणि अनुभवाचा दाखला सासरच्या नावाचा. आपल्याकडे लग्नानंतर आडनाव बहुतेकदा बदलतं, शिवाय मधलं वडिलांचं नाव जाऊन नवऱ्याचं येतं. घरात, बँकेत, शाळेत कुणाला त्याचं काही वाटत नाही. परदेशातल्या टेबलावर मात्र त्या दोन वेगळ्या बायका ठरतात. कागदपत्रं जमवून देणारा एजंट म्हणाला होता, "सगळं होतं मॅडम, तुम्ही फक्त बॅग भरा." त्याने व्हिजिट व्हिसावर पाठवलं आणि वर ऐंशी हजार घेतले.

शारजात पोचल्यावर कळलं की पदवीचं अटेस्टेशन झाल्याशिवाय शिक्षकाची नेमणूक पुढे सरकत नाही आणि व्हिजिट व्हिसावर काम करणं तिथे गुन्हा आहे. एजंटचा फोन बंद. इकडे त्यांच्या यजमानांच्या कोल्हापूरच्या खेपा सुरू झाल्या, कारण सोलापूर विद्यापीठ 2004 साली झालं आणि मॅडमची पदवी त्याआधीची, शिवाजी विद्यापीठाची. आजही चाळिशीपुढच्या सोलापूरकर शिक्षकांनी हे लक्षात ठेवायला हवं: पडताळणीसाठी कोल्हापूर गाठावं लागतं, आणि ते निघण्याआधी गाठलेलं बरं. विवाह नोंदणीचं प्रमाणपत्र, नावबदलाचं राजपत्र, मग राज्य सरकारचा शिक्का, मग परराष्ट्र मंत्रालयाचा, मग अमिरातीच्या वकिलातीचा. ओमान आणि सौदी अरेबिया हेग करारात आहेत, तिथे वकिलातीच्या शिक्क्याऐवजी अपोस्टिल चालतं. अमिरात त्या करारात नाही, म्हणून वकिलातीची पायरी चुकत नाही.

सात आठवडे त्या एका खोलीत बसून राहिल्या. पगार नाही, आणि व्हिसाची मुदत रोज एका दिवसाने कमी होतेय.

म्हणून आता सोलापुरात परतलेल्या मॅडम येणाऱ्या प्रत्येकाला एजंटचा नोंदणी क्रमांक विचारतात. 1983च्या उत्प्रवास कायद्याप्रमाणे परदेशी नोकरीसाठी भरती करणाऱ्याकडे परराष्ट्र मंत्रालयाची नोंदणी लागते. ती ई-मायग्रेट संकेतस्थळावर घरबसल्या पाहता येते. एजंटला घेता येणारं शुल्क तीस हजार रुपये आणि वर जीएसटी, एवढंच. अमिरातीच्या कायद्यात तर भरतीचा खर्च मालकाने करायचा आहे, शिक्षकाने नाही. पासपोर्ट मालकाने ठेवून घेणंही तिथे बेकायदा आहे.

ऑफर लेटरवरचा मोठा आकडा पाहून मॅडमही हरखल्या होत्या. त्यात घरभाडं, प्रवास सगळं धरलेलं होतं आणि बेसिक निम्म्याहून कमी होतं. नोकरी सोडताना मिळणारी ग्रॅच्युइटी मोजतात बेसिकवर, पहिल्या पाच वर्षांसाठी वर्षाला एकवीस दिवसांची. त्यामुळे बेसिक किती हे आधी वाचावं. भारतीय अभ्यासक्रमाच्या शाळा एप्रिलला सुरू होतात आणि जुलै-ऑगस्ट बंद असतात. नव्या शिक्षकाला या दोन महिन्यांचा पगार मिळणार का, हे सहीआधी लेखी घ्यावं. घरभाड्याचंही तसंच. तिथे वर्षभराचं भाडं मोजक्या पुढच्या तारखांच्या चेकने देण्याची रीत आहे, त्यामुळे जाताना हातात रोकड लागते.

बॅगेची गोष्ट मॅडम हमखास सांगतात. सासूबाईंनी काळा मसाला भरून दिला होता, पाव किलो, दोन पिशव्यांत बांधून. निघायच्या आदल्या रात्री शेजारच्या मुलाने विचारलं, "काकू, यात खसखस आहे का?" होती. अमिरातीत खसखस अमली पदार्थांच्या यादीत आहे. तिच्यापायी माणसं विमानतळावरून थेट कोठडीत गेली आहेत. सासूबाईंनी काही न बोलता गॅस पेटवला आणि रात्री अकरा वाजता खसखस वगळून नवा मसाला भाजायला घेतला. शेंगाचटणी आणि कडक भाकरी मात्र निर्धास्त गेल्या. कोडीनचं खोकल्याचं औषध किंवा ट्रामाडॉलची गोळी कुणी नेत असेल, तर तिथल्या आरोग्य खात्याची परवानगी आधी काढावी लागते.

शेवटी व्हिसा झाला, वर्ग मिळाले, तरी मॅडम शारजात राहायला लागल्या नव्हत्या. देहाने तिथे, मनाने फोनवर. तेव्हा सुट्टी शुक्रवार-शनिवारची असे (2022 पासून शारजात ती शुक्रवार ते रविवार झाली). रविवारी सोलापुरात सगळे जेवायला एकत्र जमलेले आणि मॅडम सातवीला अपूर्णांक शिकवत असायच्या. जानेवारीत गड्ड्याची यात्रा भरली, नंदीध्वजांची मिरवणूक त्यांनी स्टाफरूममध्ये मोबाइलवर पाहिली आणि त्या रडल्या.

मग एकदा लिफ्टमध्ये वरच्या मजल्यावरच्या बाई मुलाला तेलुगूत रागावताना ऐकू आल्या. मॅडमचं बालपण सोलापूरच्या पूर्व भागातलं, तेलुगू बोलणाऱ्या पद्मशाली शेजारात गेलेलं. तोंडून सहज निघालं, "बागुन्नारा?" त्या बाई थबकल्या, मग हसल्या, आणि त्याच संध्याकाळी दोघी भाजी आणायला पायी निघाल्या. बसचं कार्ड कुठे मिळतं, कुठला दवाखाना विम्यात बसतो, हे मॅडमना त्या एका फेरीत कळलं. त्यानंतर त्यांनी अरबी आकडे आणि रोजची वीस-पंचवीस वाक्यं पाठ केली. सोलापुरात वाढलेल्या माणसाच्या कानावर मराठी, कानडी, तेलुगू, दखनी सगळं पडलेलं असतं. ही शिदोरी त्याला जड नाही, फक्त ती उघडून बसायला हवी.

सुट्टीवर आल्यावर मॅडम मुद्दाम भैय्या चौकात डॉ. कोटणीस स्मारकात गेल्या. लहानपणापासून त्या चौकातून शेकडो वेळा गेल्या होत्या, थांबल्या कधी नव्हत्या. सोलापूरचेच द्वारकानाथ कोटणीस 1938 साली भारतीय वैद्यकीय पथकातून चीनला गेले, तेव्हा सत्तावीस वर्षांचे होते. ते चिनी शिकले, 'के दिहुआ' हे नाव घेतलं, आणि युद्धात जखमींवर शस्त्रक्रिया करता करता तिथल्या मुलांना वैद्यकी शिकवली. 1941 मध्ये ते बेथ्यून आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाचे प्रमुख झाले आणि पुढच्याच वर्षी तिकडेच वारले. मॅडम स्मारकात तासभर होत्या.

गेल्या महिन्यात विज्ञानाची एक तरुण शिक्षिका पुडा घेऊन आली. लग्नाला दोन वर्षं झालेली, कागद दोन नावांचे. मॅडमनी तिला समोर बसवून एका कोऱ्या कागदावर दोन्ही नावं शेजारीशेजारी लिहिली आणि खाली कुठला दाखला कुठल्या नावाचा ते मांडलं. राजपत्राचा अर्ज त्याच दुपारी भरला. पुडा अजून मॅडमच्या फ्रीजमध्ये आहे. वकिलातीचा शिक्का आला की दोघी मिळून उघडणार आहेत.