हातातली एक बांगडी



आजचं वाचन: श्रीमद्भागवत, स्कंध ११, अध्याय ९

घर सोडून मोठ्या शहरात एकटं राहायला आलेल्यांसाठी आजचं चिंतन आहे. मीही त्यातलीच.

आधी संदर्भ बघू. श्रीकृष्ण निजधामाला निघालेत. उद्धव म्हणतो, मलाही सोबत न्या. देव त्याला नेत नाहीत, शिकवत बसतात. त्यातच यदुराजाला भेटलेल्या अवधूताची कथा येते. या अवधूताने चोवीस गुरू केले: पृथ्वी, समुद्र, अजगर, मधमाशी... आणि एक कुमारी. नाथांनी याच स्कंधावर ‘एकनाथी भागवत’ लिहिलं. पैठणला सुरू केलेला हा ग्रंथ १५७३ मध्ये काशीत पूर्ण झाला.

कुमारीची गोष्ट छोटीशी आहे. तिला मागणी घालायला पाहुणे आले, तेव्हा घरची माणसं बाहेर गेली होती. तिनेच त्यांचं स्वागत केलं आणि जेवणासाठी आत साळी कांडायला घेतल्या. हातातल्या शंखाच्या बांगड्या वाजू लागल्या. घरात तयार तांदूळही नाहीत हे पाहुण्यांना कळेल, म्हणून ती लाजली. एकेक करत तिने बांगड्या कमी केल्या, प्रत्येक हातात दोनच ठेवल्या. त्याही वाजल्या. मग एकेकच ठेवली, आणि आवाज थांबला. अवधूत यातून शिकला: पुष्कळ जण एकत्र आले की भांडण होतं, दोघं असले तरी गप्पा होतात, म्हणून एकट्याने राहावं.

मी परभणीहून देवगिरी एक्सप्रेसने ठाण्याला उतरले तेव्हा हे वाचलेलं होतं. ऐरोलीत पीजी घेतलं. एक कॉट, एक कपाट, खिडकीबाहेर दुसऱ्या बिल्डिंगची भिंत. पहिले काही महिने रोज रात्री आई विचारायची, “जेवलीस का गं?” आणि मी न जेवताच “हो” म्हणायचे. हळूहळू तिचे फोनही उचलेनाशी झाले. ऑफिसमधल्या मुली रविवारी बोलवायच्या, मी टाळायचे. आणि मनाला सांगायचे, मी एकांत साधतेय, भागवतातच सांगितलंय! खरं तर दार लावून तासन् तास रील्स बघायचे आणि रडायचे.

मग एकदा ताप आला. दोन दिवस डबा दाराच्या कडीला तसाच लटकत राहिला. तिसऱ्या दिवशी डबा देणाऱ्या काकू स्वतः जिना चढून आल्या. “अगं बाळा, डबा का घेतला नाहीस? बरी आहेस ना?” मला उत्तरच देता येईना. संध्याकाळी त्या मऊ भात, तूप आणि मेतकूट घेऊन पुन्हा आल्या. पैसे विचारले तर रागावल्या. त्यांच्या समोरच आईला फोन लावला आणि पहिल्यांदा खरं सांगितलं.

बरं वाटल्यावर हाच अध्याय पुन्हा उघडला, आणि आधी न दिसलेल्या दोन गोष्टी दिसल्या.

पहिली: कुमारीने दार लावलं नव्हतं. पाहुणे बाहेर बसलेले होते आणि ती त्यांच्यासाठीच राबत होती. तिने कमी केला तो आवाज. माणसं नाही! मी बरोबर उलटं केलं होतं. माणसं काढून टाकली आणि आवाज ठेवला: तुलना, काळजी, मोबाईल.

दुसरी: तिने हात मोकळा केला नाही, एक बांगडी ठेवलीच. अवधूत संन्यासी होता, त्याचं मन भगवंताशी जोडलेलं होतं, म्हणून त्याचा एकटेपणा एकांत झाला. आपलं मन कुठेच जोडलेलं नसेल, तर रिकामी खोली नुसतीच रिकामी राहते.

याच अध्यायात पुढे साप येतो. तो घर बांधत नाही, दुसऱ्याने केलेल्या बिळात सुखाने राहतो. पीजीवाल्यांनो, हा आपला गुरू बरं का! खोली आपली नाही म्हणून रडत बसायचं कारण नाही.

आता माझी बांगडी म्हणजे सकाळी लोकल पकडण्याआधी हरिपाठ. रोज पूर्ण होतोच असं नाही, पण सुटत नाही. आणि रात्री आईला खरं उत्तर देते. कधी “जेवले”, कधी “नाही जेवले, कंटाळा आला.” एकटं वाटणं संपलेलं नाही. पण आता ते लपवावं लागत नाही.

तुम्हाला खूप दिवस उदास वाटत असेल, झोप-भूक गेली असेल, तर त्याला वैराग्य समजू नका. घरी सांगा, मित्राला सांगा, गरज वाटली तर डॉक्टरकडे जा. मदत मागितल्याने भक्ती कमी होत नाही.

शेवटी उद्धवालाही एकट्यानेच बदरिकाश्रमाला जावं लागलं. पण रिकाम्या हाताने नाही. देवांनी दिलेल्या पादुका त्याने मस्तकावर घेतल्या होत्या.

आजचा संकल्प: एक आवाज कमी करा, एक बांगडी ठेवा, आणि एका माणसाला खरं उत्तर द्या.

हे पांडुरंगा, नव्या शहरात आज पहिली रात्र काढणाऱ्या प्रत्येकाच्या उशाशी तू राहा.

राम कृष्ण हरी!