आडतीवरील संगणक आणि उडणारे लक्ष

प्रश्न : मिरचीच्या हंगामात आडतीवर टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये खरेदीच्या नोंदी करताना व्हॉट्सॲप वेबवर सतत भाव येतात, लक्ष उडते आणि आकडे चुकतात. यासाठी एखादे सॉफ्टवेअर आहे का?
– एक वाचक, दोंडाईचा

उत्तर : सॉफ्टवेअर आहे, परंतु येथे दोष मनोनिग्रहापेक्षा कामाच्या मांडणीचा अधिक दिसतो. एका कामावरून दुसऱ्याकडे वळल्यावरही पहिल्याचा काही अंश मनात रेंगाळतो, असे संशोधक सोफी लेरॉय यांनी २००९ मध्ये दाखवून दिले. त्यामुळे वजन टंकून झाल्यावर आणि दर टंकण्यापूर्वी डोकावलेला एक संदेशही पुढचा आकडा बिघडवण्यास पुरेसा ठरू शकतो.

विंडोज ११ मधील ‘क्लॉक’ या ॲपमध्ये फोकस सत्र सुरू केल्यास ठरवलेल्या वेळेपुरत्या सूचना, म्हणजे पडद्याच्या कोपऱ्यात उगवणारे संदेश, थोपवल्या जातात. फ्रान्सेस्को सिरिलो यांच्या पोमोदोरो पद्धतीत २५ मिनिटे काम आणि ५ मिनिटे विश्रांती असा क्रम असला, तरी लिलावाच्या गर्दीत घड्याळ कोण पाहणार? त्यापेक्षा पावत्यांचा गठ्ठा हेच माप धरावे आणि तो संपल्यावरच संदेश उघडावेत. भाव कळणे व्यापारात अपरिहार्य असल्याने भावांचे संदेश येणारा गट मोबाइलवर ठेवून संगणकावरील व्हॉट्सॲप मात्र लॉग आउट करावे. टॅलीत खरेदीसाठी एफ ९ आणि पेमेंटसाठी एफ ५ या कळा वापरल्यास हात कीबोर्डवरच राहतो व नोंदीची लय तुटत नाही. हे सारे विनामूल्य असल्याने, वेगळे सॉफ्टवेअर विकत घेण्यापूर्वी वाचकाने एक आठवडा एवढेच करून पाहावे.