घरी ध्वनिमुद्रण करण्यासाठी कोणते सॉफ्टवेअर घ्यावे?

मंडळीतील तरुण, गायकवृंदातील भगिनी आणि शब्बाथ शाळेचे शिक्षक आम्हांस एक प्रश्न वारंवार विचारतात : "घरच्या घरी गाणे रेकॉर्ड करायचे आहे. स्वस्त आणि चांगले सॉफ्टवेअर कोणते?" प्रश्न सरळ आहे, पण त्याचे उत्तर एका नावाने देता येत नाही. शिंप्याला "कापड किती लागेल?" असे विचारले तर तो आधी विचारतो, "शिवायचे काय आहे?" येथेही तसेच आहे. म्हणून या पाठात आपण आधी काम पाहू, मग साधन पाहू आणि शेवटी खर्चाचा विचार करू.

हा विषय आम्हांस महत्त्वाचा वाटतो, त्याचे कारण असे. भजनाच्या पुस्तकात शब्द छापलेले असतात, वर रागाचे किंवा चालीचे नाव असते. परंतु ती चाल प्रत्यक्ष कशी म्हणावयाची, कोठे थांबावयाचे, कोणत्या शब्दावर स्वर लांबवायचा, हे पुस्तकात नसते. ते वडीलधाऱ्यांच्या गळ्यात असते. इंदूर, बडोदे, हैदराबाद अशा ठिकाणी वाढणाऱ्या आपल्या पुष्कळ मुलांना मराठी भजन कानावर पडण्याची जागा म्हणजे घर आणि मंडळी एवढीच. ऐंशी वर्षांच्या आजींना येणारी चाल आज मुद्रित झाली नाही, तर पुढे ती कोणाकडून ऐकणार? अशा वेळी सॉफ्टवेअरची निवड करण्यातच सहा महिने गेले, तर नुकसान मोठे आहे.

१. सॉफ्टवेअर काय करते?

माइकमधून आलेला आवाज संगणक आकड्यांच्या रूपाने साठवतो. सीडीच्या दर्जाचा आवाज म्हणजे दर सेकंदाला ४४,१०० नोंदी, आणि प्रत्येक नोंद १६ बिटांची. ही नोंद फुकटचे सॉफ्टवेअर करो की महागडे, ती सारखीच असते. जास्त पैसे दिल्याने गळा गोड होत नाही. पैशांच्या बदल्यात मिळतात त्या सोयी : तयार वाद्यांचे आवाज, दुरुस्तीची हत्यारे, मोठ्या कामाची मांडणी. नवशिक्याला यांतील बहुतेक सोयी पहिल्या वर्षी लागत नाहीत.

एक शब्द येथे समजून घ्यावा, तो म्हणजे 'ट्रॅक'. पेटीचा आवाज एका ट्रॅकवर, तबल्याचा दुसऱ्यावर, गायकाचा तिसऱ्यावर असे वेगवेगळे मुद्रण केले, की प्रत्येकाचा आवाज नंतर स्वतंत्रपणे कमीजास्त करता येतो. सर्व एकत्र एकाच माइकवर मुद्रित केले, तर मागाहून फक्त तबला कमी करणे फार अवघड जाते.

२. आपले काम कोणते?

आमच्या पाहण्यात घरगुती काम तीन प्रकारचे असते.

पहिला प्रकार : एका बैठकीत, एका माइकवर गायलेले भजन जसेच्या तसे उतरवून घेणे. जुन्या कॅसेटवरील गाणी संगणकात घेणे हेही यातच येते.

दुसरा प्रकार : पेटी, तबला, मुख्य गायक आणि साथीचे आवाज एकामागून एक मुद्रित करून त्यांचे एक गाणे बनविणे. नाताळच्या कार्यक्रमासाठी मुलांच्या सरावाची गाणी याच प्रकारे तयार करता येतात.

तिसरा प्रकार : वाद्य जवळ नसताना कीबोर्डच्या पट्ट्या दाबून संगणकातील बासरी, व्हायोलिन, ढोलक वाजविणे. यात आवाज मुद्रित होत नाही, तर कोणती पट्टी केव्हा आणि किती जोराने दाबली याची नोंद होते. या पद्धतीला 'मिडी' म्हणतात.

आपले काम यांपैकी कोणते, हे एका ओळीत कागदावर लिहून काढावे. निम्मी निवड तेथेच होते.

३. पदरी काय आहे?

आता साधने पाहू. त्यांची नावे पुष्कळ आहेत. आम्ही मोजकीच घेतो.

(अ) ऑडॅसिटी. हे सॉफ्टवेअर पूर्णपणे मोफत आहे. १९९९ साली अमेरिकेतील कार्नेगी मेलन विद्यापीठात त्याची सुरुवात झाली आणि २००० साली ते लोकांसाठी खुले झाले. विंडोज, मॅक आणि लिनक्स या तिन्हींवर ते चालते. पहिल्या प्रकारच्या कामाला याहून अधिक काही लागत नाही. दुसऱ्या प्रकारचे साधे कामही होते. तिसऱ्या प्रकारचे, म्हणजे मिडी मुद्रणाचे काम मात्र त्याच्याकडून अपेक्षू नये.

(आ) गॅरेजबँड. ॲपल कंपनीने हे २००४ साली काढले. मॅक संगणक, आयफोन किंवा आयपॅड घरात असेल तर ते वेगळे पैसे न देता मिळते आणि तिन्ही प्रकारची कामे करते. विंडोज संगणकावर किंवा अँड्रॉइड फोनवर ते चालत नाही. त्यासाठी मॅक विकत घेणे म्हणजे ताकासाठी म्हैस पाळण्यासारखे होईल.

(इ) बँडलॅब. संगणक नाही, फक्त अँड्रॉइड फोन आहे, अशांना हे उपयोगी. मूळ सोयी मोफत आहेत. काम इंटरनेटवर साठविले जाते, म्हणून बेळगावातील गायकाने गायलेल्या ट्रॅकवर गोव्यातील भावाला साथ भरता येते. पूर्ण झालेल्या गाण्याची प्रत मात्र आपल्याजवळ उतरवून ठेवावी.

(ई) रीपर. दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रकारचे काम नियमितपणे करणाऱ्यांसाठी हे उत्तम. जुन्या, मंद संगणकावरही ते बरे चालते. ६० दिवस ते पूर्ण स्वरूपात वापरून पाहता येते. त्यानंतर घरगुती वापरासाठी आणि ना-नफा संस्थांसाठी सवलतीचा परवाना ६० डॉलरला आहे. शिकण्यास ते ऑडॅसिटीपेक्षा कठीण आहे, हेही सांगितले पाहिजे.

(उ) सोबत येणाऱ्या छोट्या आवृत्त्या. माइक संगणकाला जोडण्याचे जे यंत्र मिळते, त्याला ऑडिओ इंटरफेस म्हणतात. अनेक इंटरफेसबरोबर एबलटन लाइव्ह लाइट किंवा क्युबेस एलई यांसारखी लहान आवृत्ती मोफत मिळते. इंटरफेस घेणारच असाल, तर खोक्यावर हे आधी वाचून पाहावे.

४. खर्च कोठे करावा?

बुरूज बांधण्यापूर्वी बसून खर्चाचा हिशेब करणाऱ्या मनुष्याचा दाखला वाचकांस ठाऊक आहेच. येथे हिशेब असा आहे : नवशिक्याने सॉफ्टवेअरवर शून्य खर्च करावा आणि जो पैसा असेल तो माइक व हेडफोन यांवर घालावा.

खोली तर फुकटचीच आहे. उघड्या भिंतींच्या खोलीत आवाज घुमतो, आणि मुद्रणात शिरलेला घुमारा काढणे नवशिक्याच्या हातचे नाही. ज्या खोलीत गाद्या, गोधड्या, कपड्यांचे कपाट आहे ती निवडावी. पंखा बंद करावा. शेजारची कुकरची शिटी आणि रस्त्यावरची वर्दळ थांबेल अशी वेळ धरावी. माइक तोंडापासून साधारण वीतभर दूर आणि किंचित बाजूला ठेवावा, म्हणजे 'प', 'फ', 'भ' या अक्षरांचा फुत्कार त्यावर आदळत नाही. पडद्यावरील आवाजाची पातळी मोठ्यात मोठ्या स्वरालाही उणे ६ डेसिबलच्या वर जाऊ देऊ नये. शून्याला टेकून फाटलेला आवाज पूर्ववत होत नाही. हळू मुद्रित झालेला नंतर वाढविता येतो.

हेडफोन तारेचाच घ्यावा. संगणक आवाज थोडा थोडा साठवून पुढे पाठवितो. २५६ नोंदींचा साठा असेल तर सुमारे ६ मिलिसेकंद, १,०२४ नोंदींचा असेल तर सुमारे २३ मिलिसेकंद इतका उशीर त्या एकाच टप्प्यात होतो. ब्लूटूथ हेडफोनमध्ये उशीर याहून पुष्कळ वाढतो, आणि आधी मुद्रित केलेली पेटी ऐकत गाणारा मागे पडतो. दोष गायकाचा नसतो.

५. आपल्या संगीतासंबंधी दोन गोष्टी

बहुतेक सॉफ्टवेअर उघडताच चार मात्रांचे ठोके आणि ठरलेली लय समोर मांडते. केरव्याच्या आठ मात्रा त्यात सहज बसतात. दादऱ्यासाठी सहा मात्रांची मांडणी आपण करून घ्यावी. पण वडीलधाऱ्यांची जुनी चाल उतरवून घेताना हे ठोके बंद ठेवावेत. त्यांची लय श्वासाबरोबर चालते, कडव्यागणिक थोडी चढते. ती यंत्राच्या ठोक्याला बांधली, तर जी वस्तू जपावयाची तीच बदलून जाईल.

दुसरी गोष्ट स्वरांची. जुन्या पेटीचा स्वर आजच्या कीबोर्डशी तंतोतंत जुळेलच असे नाही. पेटीवर गाणे मुद्रित करून त्यावर नंतर कीबोर्ड भरण्याचा बेत असेल, तर आरंभीच दोन्ही वाद्यांचा 'सा' एकत्र वाजवून पाहावा. फरक असेल तर कीबोर्ड पेटीला जुळवून घ्यावा; बहुतेक कीबोर्डमध्ये ती सोय असते.

६. फुकटचे आणि चोरीचे

महागडे सॉफ्टवेअर कुलूप तोडून, पेन ड्राइव्हवरून हातोहात देण्याची रीत आपल्याकडे सर्रास आहे. "आपण कोठे धंदा करतो?" असे समर्थनही केले जाते. अशा प्रतीबरोबर व्हायरस येण्याचा धोका आहे. परंतु तो नसता, तरी कोणाच्या तरी श्रमाचे मोल बुडते हे खरेच आहे. रीपरचे उदाहरण येथे बोलके आहे. ६० दिवस संपले तरी ते बंद पडत नाही, केवळ परवाना घेण्याची आठवण करून देते. कोणी पाहत नसताना आपण काय करतो, याची ती परीक्षा आहे. मोफत आणि सरळ मार्गाने मिळणारी साधने इतकी असताना मुलांच्या हाती चोरीची प्रत देण्याचे शिक्षकाला कारण नाही.

७. जतन कसे करावे?

केकवॉक नावाच्या सॉफ्टवेअरची हकीकत बोधप्रद आहे. २०१७ साली गिब्सन कंपनीने त्याचे काम थांबविले. २०१८ साली बँडलॅबने ते घेऊन मोफत केले, आणि २०२३ साली त्याच्या जागी सोनार ही नवी आवृत्ती येणार असल्याचे जाहीर केले. सहा वर्षांत इतकी स्थित्यंतरे! म्हणून जपून ठेवण्याची प्रत कोणा एका सॉफ्टवेअरच्या खास स्वरूपात ठेवू नये. पूर्ण गाणे आणि प्रत्येक ट्रॅक 'वेव्ह' फाइलमध्ये काढून ठेवावा. ही फाइल जवळजवळ प्रत्येक सॉफ्टवेअर वाचते. 'एमपी३' लहान असते, पण लहान होताना आवाजातील काही भाग कायमचा जातो. ती वाटण्यासाठी ठीक.

वेव्ह फाइलला जागा किती लागते? सीडीच्या दर्जाचा एक ट्रॅक मिनिटाला सुमारे ५ एमबी घेतो. पाच मिनिटांचे आठ ट्रॅकांचे भजन साधारण २०० एमबीचे होईल. एक प्रत संगणकात, दुसरी वेगळ्या डिस्कवर, तिसरी दुसऱ्या घरी ठेवावी. व्हॉट्सॲपवरून पाठविताना 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवावी, म्हणजे फाइल जशीच्या तशी जाते.

प्रत्येक मुद्रणाच्या शेवटी गायकाचे नाव, गाव, दिनांक आणि चाल कोणाकडून शिकली हे बोलून ठेवावे. १९०२ साली कोलकात्यात गौहर जान यांचे गाणे मुद्रित झाले, तेव्हा त्यांनी शेवटी आपले नाव सांगितले. शतक उलटले तरी ते ऐकू येते.

८. या महिन्याचा स्वाध्याय

ऑडॅसिटी किंवा फोनवर बँडलॅब घ्यावे. मंडळीतील ज्येष्ठ व्यक्तीकडे, त्यांची परवानगी घेऊन, एकच भजन मुद्रित करावे. वेव्ह फाइल जतन करून ती त्यांना ऐकवावी. नंतर खालील प्रश्नांचा विचार करावा :

(१) या कामात सॉफ्टवेअरची कोणती उणीव प्रत्यक्ष भासली?
(२) ती उणीव सॉफ्टवेअरची होती, की खोलीची, माइकची अथवा सरावाची?
(३) आपल्या मंडळीत कोणत्या चाली एक-दोघांनाच येतात? त्यांची यादी करा.
(४) मुद्रित फाइली पुढील दहा वर्षे कोण सांभाळील?

दहा भजने झाल्यावरही पहिल्या प्रश्नाचे उत्तर 'काही नाही' असे येत असेल, तर नवे सॉफ्टवेअर घेऊ नये. यादीतील अकराव्या भजनाकडे वळावे.