उदरातील शेजार

जालना जिल्ह्यातील केदारखेड्याचा एखादा विद्यार्थी दुपारी ज्वारीची भाकरी व तुरीचे वरण जेवून उठतो, तेव्हा त्या जेवणात असंख्य वाटेकरी असतात. ते डोळ्यांना दिसत नाहीत. हे वाटेकरी म्हणजे मोठ्या आतड्यात वस्ती करून राहिलेले जंतू होत. मनुष्याच्या शरीरात अशा जंतूंची संख्या सुमारे ३८ लाख कोटी भरते, असा हिशेब शास्त्रज्ञांनी २०१६ मध्ये मांडला; खुद्द शरीराच्या पेशी याहून काहीशा कमीच! पुण्याच्या संशोधकांनी भारतीय माणसाच्या आतड्यातील अशाच एका नव्या जंतूचे वर्णन २०१४ मध्ये प्रसिद्ध केले व त्याला ‘मेगास्फेरा इंडिका’ असे नाव दिले.

आता एक नवल पाहा. आतड्याचे आतील अस्तर केवळ एका पेशीइतके जाड असते. त्याच्या एका अंगास जंतूंची दाट वस्ती, तर दुसऱ्या अंगास परक्या जंतूंचा फडशा पाडणाऱ्या संरक्षक पेशींची मोठी छावणी. मग तेथे रोज रणधुमाळी का माजत नाही?

याचे एक कारण म्हणजे अस्तरावरील बुळबुळीत श्लेष्म. मोठ्या आतड्यात त्याचे दोन थर असतात. वरच्या सैल थरात जंतू सुखाने नांदतात; खालच्या घट्ट थरात त्यांचा सहसा शिरकाव होत नाही. शिवाय संरक्षक पेशींनी निर्माण केलेली प्रतिपिंडे या श्लेष्मात उतरतात. ती जंतूंना ठार न मारता त्यांना चिकटून बसतात व अस्तरापासून दूर ठेवतात.

दुसरे कारण अधिक मनोरंजक आहे. धान्याचा कोंडा आणि भाजीचा चोथा मनुष्याला पचत नाही. जंतू तो आंबवितात व त्यापासून ब्युटिरिक नावाचे आम्ल तयार होते. या आम्लावर अस्तराच्या पेशी पोसल्या जातात. इतकेच नव्हे, तर याच्या योगे काही संरक्षक पेशी संयमी बनतात आणि आपल्या तापट सोबत्यांना आवरतात, असे २०१३ मध्ये उंदरांवरील प्रयोगांत दिसून आले. भाडेकऱ्याने घरमालकाच्या रखवालदारास शिस्त लावावी, तसाच हा प्रकार!

जंतू मुळीच नसते तर? निर्जंतुक पेटीत जन्मून वाढलेल्या उंदरांच्या आतड्यातील संरक्षक यंत्रणा खुरटलेली राहते. तिला तालीमच मिळालेली नसते. मनुष्याच्या अर्भकालाही हे शेजारी प्रामुख्याने जन्मापासून पुढे लाभतात, काही आईकडून, काही दुधातून. ओडिशातील खेड्यांत ४,५५६ नवजात बालकांवर एक प्रयोग झाला. सुमारे निम्म्या बालकांना सात दिवस लॅक्टोबॅसिलस जातीचे उपकारक जंतू त्यांच्या खाद्यासह पाजले, उरलेल्यांना जंतुविरहित पूड दिली. त्याचा निष्कर्ष २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. पहिल्या दोन महिन्यांत पूड मिळालेल्या दर हजार बालकांपैकी ९० बालके गंभीर जंतुसंसर्गाने आजारी पडली अथवा दगावली. जंतू पाजलेल्यांत हीच संख्या ५४ होती.