बंड्याची वही

सांगली, १४ जुलै

चि. मृण्मयीस,


तुझ्या बोक्याला, बंड्याला, मधुमेह निघाल्याचं तुझ्या आईनं काल फोनवर सांगितलं. तू फार घाबरली आहेस, हेही सांगितलं. म्हणून सगळ्यात आधी हे वाच : हा आजार सांभाळता येतो. माणसांच्या टाइप-२ मधुमेहाला तो बराच जवळचा आहे. वय झालेला, नसबंदी केलेला, घरातच वावरणारा आणि अंगानं सुटलेला बोका याच्या तावडीत सहज सापडतो. उपचार लवकर सुरू झाले, खाणं बदललं आणि साखर आटोक्यात राहिली, तर काही मांजरांचं इन्सुलिन पुढे सुटतंसुद्धा. कुत्र्यांत असं क्वचितच घडतं. जन्मभर जनावरं तपासल्यावर माझं ठाम मत झालं आहे की मधुमेही मांजराचं औषध दवाखान्यात ठरतं खरं, पण ते लागू पडतंय का, हे घरातच कळतं.

असं का, ते सांगते. मांजर घाबरलं की त्याच्या रक्तातली साखर झपाट्यानं चढते. निरोगी मांजराची साखर साधारण ८० ते १२० असते. पण बास्केटमध्ये कोंबून रिक्षातून आणलेलं, शेजारी कुत्रं भुंकत असलेलं निरोगी मांजरही दवाखान्यात ३०० दाखवू शकतं. तुमच्या डॉक्टरांनी फ्रुक्टोसामीनची तपासणी करायला सांगितली, ती याचसाठी. तिच्यात मागच्या एक-दोन आठवड्यांची सरासरी कळते, त्या घटकेची भीती तिच्यात उतरत नाही. बंड्या तुझ्या मांडीवर निवांत बसलेला असताना तू घेतलेला आकडा म्हणून मोलाचा.

एक दोनशेपानी वही कर. सुईशिवाय होणाऱ्या नोंदी आधी. सकाळी वाडग्यात पाणी मोजून घाल आणि दुसऱ्या सकाळी उरलेलं मोज. प्यालेलं पाणी किलोमागे ५० मिलिलिटरच्या आत असेल तर चिंता नाही. १०० च्या पुढे गेलं तर साखर हाताबाहेर आहे असं समज. बंड्या पाच किलोचा आहे, म्हणजे पाव लिटरच्या आत ठीक, अर्ध्या लिटरच्या वर नाही. त्याच्या शी-शूच्या वाळूत मुठीएवढे गोळे होऊ लागले किंवा त्यांना मुंग्या लागल्या, तर तेही लिही. वजन आठवड्यातून एकदाच, पण त्याच काट्यावर आणि त्याच वेळी. भरपूर खाऊनही वजन उतरत असेल तर ते वाईट लक्षण. आणि त्याची चाल बघ. मागच्या पायांच्या टाचा जमिनीला टेकवून चालत असेल, तर साखरेनं नसांना इजा केली आहे. साखर नीट राहिली की ही चाल पुष्कळदा सुधारते, म्हणून दर पंधरा दिवसांनी मोबाइलवर तिचा व्हिडिओ काढून ठेव.

मूत्राच्या पट्टीवर मात्र फार विसंबू नकोस. माणसाच्या मूत्रात साखर १८० च्या आसपास उतरते, मांजराच्या मात्र २५० च्या पुढे गेल्यावर. पट्टी कोरी आली म्हणजे साखर २५० च्या आत आहे एवढंच कळतं. ती १२० आहे की ५०, ते कळत नाही, आणि आपल्याला नेमकं तेच कळायला हवं असतं.

आता कान टोचणं. तू यालाच सगळ्यात जास्त भितेस, पण मांजराच्या कानाची कड फारशी दुखरी नसते. बंड्याला त्याच्या नेहमीच्या चादरीवर घे. सुती रुमाल तव्यावर कोमट करून कानाला मिनिटभर शेक दे, म्हणजे रक्त कडेला येतं. रुमाल कोरडा हवा. कान ओला राहिला तर थेंबात पाणी मिसळतं आणि आकडा चुकतो. उजेडाकडे कान धरलास की कडेनं जाणारी बारीक शीर दिसेल. ती शीर आणि कानाची कड यांच्या मधल्या पट्ट्यात टोचायचं, शिरेत नाही. कानामागे कापसाचा बोळा धर, म्हणजे सुई तुझ्या बोटात जाणार नाही. मोहरीएवढा थेंब पुरतो. पट्टी टेकवलीस की ती तो स्वतःच ओढून घेते. मग कापसानं पाच-दहा सेकंद दाबून धर आणि लगेच उकडलेल्या कोंबडीचा बिनमिठाचा तुकडा दे. चार-आठ दिवसांत तो तुकड्यासाठी आपण होऊन चादरीवर येऊन बसेल.

घरात आजीचा ग्लुकोमीटर आहे, तो वापरायला हरकत नाही. फक्त माणसांचे मीटर मांजराची साखर बहुधा खऱ्यापेक्षा कमी दाखवतात, कारण तांबड्या पेशी आणि रक्तद्रव यांत साखर विभागली जाण्याचं प्रमाण मांजरात वेगळं असतं. तेव्हा कोणता मीटर ते डॉक्टरांना सांग आणि मध्येच बदलू नकोस.

इन्सुलिन बारा-बारा तासांनी असेल. प्रत्येक वेळी आधी साखर बघ, मग खाणं, मग सुई. त्यानं खाल्लं नाही, किंवा साखर डॉक्टरांनी आखून दिलेल्या आकड्याखाली आली, तर सुई थांबव आणि फोन कर. सुई देताना तो निसटला आणि केस ओले झाले, तर पुन्हा टोचू नकोस. आत किती गेलं ते आपल्याला माहीत नसतं. एक वेळ चुकली तर फारसं बिघडत नाही, पण दुप्पट गेलं तर जीव जाऊ शकतो.

सिरिंजबद्दल तर मी हट्टच धरते. आपल्याकडे औषधांच्या दुकानात दोन्ही प्रकारच्या मिळतात : लाल टोपणाची ४० युनिटच्या इन्सुलिनसाठी, नारिंगी टोपणाची १०० युनिटच्या. बंड्याचं इन्सुलिन, ग्लार्जिन, १०० चं आहे. ते लाल टोपणाच्या सिरिंजमध्ये एका रेघेपर्यंत भरलंस, तर त्याला एकाऐवजी अडीच युनिट जातील. दुकानदारानं ‘दोन्ही एकच’ म्हटलं तरी ऐकू नकोस.

जास्त साखर आठवड्या-महिन्यांनी त्रास देते, कमी साखर तासाभरात. आकडा ६० च्या खाली आला, किंवा बंड्या लडखडायला, थरथरायला लागला, शून्यात बघत बसला, तर मीटर शोधण्यात वेळ घालवू नकोस. खात असेल तर लगेच खायला दे आणि हिरड्यांवर मध चोळ. झटके येत असतील तर तोंडात काही ओतू नकोस, दातांमध्ये बोट घालू नकोस. हिरडीच्या बाहेरच्या बाजूला थोडा मध लाव आणि तसाच दवाखान्यात ने. मधाची छोटी बाटली आणि रात्री उघड्या असणाऱ्या दवाखान्याचा नंबर फ्रिजवरच असू दे. तितकीच घाई आणखी एका वेळी कर : तो खात नाही, उलट्या करतो, मलूल पडला आहे आणि तोंडाला नेलपॉलिश रिमूव्हरसारखा वास येतो आहे. ही कीटोन वाढल्याची खूण, सकाळची वाट बघायची नाही.

आजीचं दूध-पोळी भरवणं बंद व्हायला हवं. तिचा जीव आहे त्याच्यावर, म्हणून मीच तिच्याशी बोलेन. मांजर मूळचं मांसाहारी, पोळी आणि भाताची साखर रिचवायला त्याचं यकृत तयारच नसतं. कोरडे दाणेही कमी कर, प्रथिनं भरपूर असलेलं ओलं खाणं दे. पण हा बदल डॉक्टरांना सांगूनच कर. पिष्ट कमी झालं की इन्सुलिनही कमी लागतं, आणि डोस तोच ठेवला तर साखर कोसळते.

इन्सुलिन फ्रिजच्या दारात ठेव, बर्फाच्या कप्प्याजवळ नको. गोठलं तर टाकून द्यायचं. पावसात वीज फार वेळ गेली, तर कुपी प्लास्टिकच्या डबीत बंद करून माठाच्या गारव्याला ठेव.

पुढच्या रविवारी घरीच असशील, तर दिवसभराचा आलेख काढ. सकाळच्या सुईपासून बारा तास, दर दोन तासांनी साखर. सगळ्यात खालचा आकडा साधारण ८० ते १५० च्या दरम्यान यावा. परवडत असेल तर त्वचेवर चिकटवायचा सेन्सरही आहे, चौदा दिवसांचा, मांजराच्या अंगावरून बहुधा आधीच निघतो. एका आकड्यानं हुरळू नकोस, एकानं खचूही नकोस. सोमवारी वही डॉक्टरांना दाखव आणि त्या पानांचे फोटो मला पाठव. डोस मात्र त्यांना विचारल्याशिवाय अर्ध्या युनिटनंही हलवू नकोस.

तुझी,
सुमनमावशी