वेल्डिंगची लांब वायर जोडताना



देवासच्या परिसरात सोयाबीनची पेरणी जवळ आली की वखराची पास, नांगराचा फाळ, ट्रॉलीचा हूक यांच्या दुरुस्तीची घाई होते. कित्येक घरी आता लहान वेल्डिंग मशीन असते. ते अंगणात चालवण्यासाठी जी लांब वायर जोडतात, तिच्याविषयी आज आम्ही पाच गोष्टी सांगत आहोत.

१. विजेचा दाब : घरच्या जोडणीत २३० व्होल्ट असतात, विहिरीवरील मोटारीच्या लाइनीत दोन फेजांमध्ये ४१५. मशीनवरील पट्टीवर व्होल्ट व अँपिअर वाचावेत. १६ अँपिअरहून अधिक वीज घेणारे मशीन घरच्या सॉकेटला लावू नये. ४१५ चे काम परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्यावे. तारेवर आकडा तर कधीच टाकू नये.

२. तारेची जाडी : ३० मीटर लांबीच्या १ चौरस मिलिमीटर तांब्याच्या वायरीतून १६ अँपिअर गेले, तर सुमारे १७ व्होल्ट वाटेतच खर्च होतात आणि वायर तापते. २.५ चौरस मिलिमीटरच्या वायरीत सुमारे ७ व्होल्टच जातात. म्हणून तीन तारांची, रबरी आवरणाची, निदान २.५ ची वायर घ्यावी. काम करताना वेटोळे पूर्ण उलगडावे; गुंडाळलेल्या वायरीतील उष्णता बाहेर पडत नाही.

३. अर्थिंग : लाल किंवा तपकिरी तार फेजची, काळी किंवा निळी न्यूट्रलची, हिरवी किंवा हिरवी-पिवळी अर्थची. अर्थची पिन कापू नये. प्लगमध्ये ही तार इतरांपेक्षा थोडी लांब ठेवावी, म्हणजे ओढ बसल्यास ती सर्वांत शेवटी सुटेल. वेल्डिंगचा क्लॅम्प म्हणजे अर्थिंग नव्हे.

४. टोके : भिंतीकडील टोकाला प्लग, मशीनकडील टोकाला सॉकेट. दोन्ही टोकांना प्लग लावल्यास उघड्या पिनांत वीज येते व ती जीव घेते. मध्ये पट्टी गुंडाळलेला सांधा नसावा.

५. संरक्षण : ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवावा. अंगातून जमिनीत वीज जाऊ लागताच तो पुरवठा तोडतो. मात्र फेज व न्यूट्रल दोन्हींना एकदम हात लागला, तर त्याचा उपयोग नाही.

कोणाला धक्का बसून तो चिकटला, तर त्याला हात लावू नये. आधी मेन स्विच बंद करावा, मग १०८ ला फोन करावा. श्वास थांबला असेल तर मदत येईपर्यंत छाती दाबत राहावे.

पहिल्या पावसाआधी प्रत्येकाने आपली वायर उलगडून टोकापासून टोकापर्यंत तपासावी. चिरलेली असल्यास बदलावी, आणि ओल्या जमिनीवर वेल्डिंग करू नये.